सोलो अल्बम म्हणायचं, पण वाजवलं कुणी?

इंजिनिअरिंगच्या कुठल्याही होस्टेलमध्ये एक गिटारवाला असतोच, आणि त्याला जी चार गाणी येतात त्यात ओॲसिसचं 'वंडरवॉल' हमखास असतं. १९९५चं गाणं. आता हा 'वंडरवॉल' शब्द आला कुठून? गाणं लिहिणाऱ्या नोएल गॅलघरनं तो जॉर्ज हॅरिसनच्या एका अल्बमच्या नावावरून उचलला. अल्बम म्हणजे 'वंडरवॉल म्युझिक', साल १९६८. आणि त्यातलं बरंचसं संगीत रेकॉर्ड झालं मुंबईत, फोर्टमध्ये, एचएमव्हीच्या कचेरीवरच्या स्टुडिओत.

आजचा भाग त्या अल्बमबद्दल आहे. खरं तर त्या अल्बमच्या पाकिटावर छापलेल्या नावांबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण बीटल्सचं सगळं ऐकलेले श्रोतेही बऱ्याचदा सोलो अल्बमपाशी थांबतात. बँड फुटला १९७०मध्ये. त्यानंतर जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो या चौघांनी आपापले अल्बम काढले आणि ते गोळा करणारी एक वेगळी जमात तयार झाली. त्यांच्यात क्रम लावायची फार हौस. पॉलचा 'मॅकार्टनी' एप्रिल १९७०चा, त्याच्या आधी मार्चमध्ये रिंगोचा 'सेंटिमेंटल जर्नी', वर्षाच्या शेवटी हॅरिसनचा तीन तबकड्यांचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आणि त्याच्या मागोमाग डिसेंबरात जॉनचा 'प्लॅस्टिक ओनो बँड'. बहुतेक लोकांचं कपाट इथून सुरू होतं. पण खरा गोळा करणारा मागे जातो. मागे जाता जाता तो १ नोव्हेंबर १९६८ला पोचतो. त्या दिवशी इंग्लंडमध्ये 'वंडरवॉल म्युझिक' निघाला. बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल कंपनीची ही पहिली एलपी. कॅटलॉग नंबरच सॅपकॉर १. 'व्हाइट अल्बम' यायला अजून तीन आठवडे होते.

याच्याही आधी पॉलनं 'द फॅमिली वे' या सिनेमाचं संगीत केलं होतं, त्याची जानेवारी १९६७ची एलपी आहे. पण तिच्यावर नाव आहे जॉर्ज मार्टिन ऑर्केस्ट्राचं. त्यामुळे पहिला नंबर कुणाला द्यायचा यावर गोळा करणारे अजून भांडतात. मी हॅरिसनच्या बाजूनं आहे. तबकडीवर ज्याचं नाव, तिचा धनी तो, एवढा साधा हिशेब. पण हाच हिशेब पुढे कसा अडचणीत येतो ते बघा.

मी नायगावचा. नांदेड-देगलूर रस्त्यावरचं गाव. माझ्या शाळेच्या दिवसांत गाणी मिळायची मोबाईलच्या दुकानात, मेमरी कार्डात भरून. कार्ड द्यायचं, पैसे द्यायचे, तासाभरानं यायचं. त्या फायलींमध्ये गायकाच्या रकान्यात गायकाचं नाव नसायचंच, तिथं ज्या वेबसाईटवरून गाणं उतरवलं तिचं नाव. अल्बमच्या रकान्यात पुन्हा तेच. संगीतकार तर कोराच. लता मंगेशकर आणि आनंद शिंदे एकाच वेबसाईटच्या नावाखाली शेजारी शेजारी बसलेले. पुढे कॉलेजात हे रकाने हातानं भरायचा मला नाद लागला आणि गोळा करण्याची सुरुवात तिथून झाली. प्रत्यक्ष तबकड्या फार नंतर आल्या, पगार सुरू झाल्यावर.

तर रकाना. प्रत्येक गाण्याच्या फायलीत 'कलाकार' असा एक रकाना असतो. 'वंडरवॉल म्युझिक'च्या एकोणीसही तुकड्यांना त्यात एकच नाव येतं: जॉर्ज हॅरिसन. आणि एलपीच्या पाकिटावर हॅरिसनच्या नावापुढे एकही वाद्य लिहिलेलं नाही. संगीत लिहिणं, बांधणं आणि प्रोड्यूस करणं एवढंच श्रेय त्यानं स्वतःकडे घेतलंय. वाजवणाऱ्यांची यादी वेगळी आहे, आणि त्या यादीतली बरीच नावं आपल्याकडची आहेत.

हे झालं कसं, ते सांगतो.

हॅरिसन सप्टेंबर १९६६मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता. ताजमध्ये खोट्या नावानं उतरला, पण बातमी फुटली, हॉटेलबाहेर पोरांची गर्दी जमली, शेवटी पत्रकार परिषद घेऊन 'मला शिकू द्या' म्हणावं लागलं आणि गुरु-शिष्य काश्मीरला हाऊसबोटीत गेले. त्या काळात रोजच्या रियाजाला मदत करणारा माणूस होता रविशंकरांचा शिष्य शंभू दास. हे नाव लक्षात ठेवा.

त्याच सुमारास लंडनमध्ये बीटल्सच्या गाण्यांत भारतीय वादक यायला लागले होते. 'रिव्हॉल्व्हर'मधल्या 'लव्ह यू टू'ला तबला वाजवला अनिल भागवत यांनी, एप्रिल १९६६मध्ये. त्यांचं नाव पाकिटावर छापलं गेलं. बाहेरच्या वादकाचं नाव छापणं ही त्या काळी मोठीच गोष्ट. पण पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर' आला. त्यात 'विदिन यू विदाउट यू'ला दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणारे लंडनमधलेच भारतीय होते, आणि पाकिटावर त्यांचं नाव नाही. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या पाकिटांपैकी एक. त्याच्या मुखपृष्ठावर मेणाच्या पुतळ्यांनासुद्धा जागा आहे! अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावं लोकांसमोर यायला २०१७ उजाडलं. पन्नास वर्षं. त्यातले अण्णा जोशी दिलरुबा वाजवत होते.

म्हणजे १९६६मध्ये नाव आलं, १९६७मध्ये गेलं. आता १९६८.

जो मॅसो नावाचा दिग्दर्शक 'वंडरवॉल' हा सिनेमा करत होता. एक एकलकोंडा प्राध्यापक भिंतीच्या भोकातून शेजारच्या मॉडेलकडे बघत बसतो, अशी ती गोष्ट. सिनेमा फार कुणी पाहिलेला नाही आणि न पाहिल्यानं फार बिघडतही नाही. मॅसोनं हॅरिसनला सांगितलं, संगीत तुला हवं ते दे. हॅरिसननं चावीचं स्टॉपवॉच घेऊन सिनेमा पाहिला, कुठल्या प्रसंगाला किती सेकंद संगीत लागेल ते टिपून घेतलं आणि काही भाग लंडनला केला. उरलेल्यासाठी जानेवारी १९६८च्या दुसऱ्या आठवड्यात तो मुंबईत आला. एचएमव्हीचा स्टुडिओ फोर्टमध्ये, फिरोजशहा मेहता रोडवर.

आता गंमत. मुंबईच्या त्या स्टुडिओत स्टीरिओ रेकॉर्डिंगची सोयच नव्हती, फक्त मोनो मशीन. म्हणून कंपनीतले एक तरुण अधिकारी भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टीरिओ मशीन रेल्वेनं आणवलं. ते यंत्र म्हणजे एक धूडच. हावडा मेलच्या काळातली ही 'हार्डवेअर डिलिव्हरी' मला फार आवडते. आपण आज सर्व्हरची जागा वाढवायला बटण दाबतो.

स्टुडिओ कचेरीच्या डोक्यावर आणि बाहेरचा आवाज अडवायची धड सोय नाही. संध्याकाळी साडेपाचला खालची कचेरी सुटली की लोक जिन्यावरून धडाधडा उतरायचे आणि रेकॉर्डिंग बंद करावं लागायचं. हॅरिसननंच नंतर सांगितलंय की नीट कान दिला तर काही तुकड्यांत रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात. म्हणजे १९६८च्या फोर्टचा आवाज एका बीटलच्या अल्बमवर आहे.

आणि वादक? सरोदला आशिष खान, म्हणजे अली अकबर खानांचे चिरंजीव. संतूरला शिवकुमार शर्मा, वय अजून तिशीच्या आत. सतारीला शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य. तबला-पखवाजाला महापुरुष मिश्र आणि शंकर घोष. तारशहनाईला विनायक व्होरा. हे वाद्य न पाहिलेल्यांसाठी सांगतो, इसराजाला जुन्या ग्रामोफोनसारखा भोंगा लावला की तारशहनाई होते. गजानंच वाजवायचं, पण सूर भोंग्यातून येतो आणि माणूस रडल्यासारखा लागतो. अल्बममध्ये 'क्राइंग' नावाचा तुकडा आहे, तो त्याचाच. हार्मोनियम आणि तबलातरंगाला रिजराम देसाड. बासरीला एस. आर. केंकरे. सूरबहारला चंद्रशेखर नारिंग्रेकर. सनईला शरद आणि हनुमान, दोघांच्या नावापुढे पाकिटावर इंग्रजीत जे छापलंय ते वाचलं तर होतं 'जाडेव'. मराठी कान त्याला जाधवच म्हणणार.

थांबून विचार करा. 'मायक्रोब्ज' हा या अल्बमचा पहिलाच तुकडा, आणि त्यात वाजते सनई. चार बीटल्सच्या सगळ्या सोलो अल्बमांची रांग लावली तर रांगेच्या तोंडाशीच सनई आहे. आमच्याकडे लग्नात बँडवाले यायच्या आधी मांडवात कॅसेट लागायची, तीच सनई.

हे लोक असे चार दिवसांत कसे जमले आणि कसे वाजवून मोकळे झाले, याचं उत्तर मला वाटतं मुंबईच्या सिनेमात आहे. शिवकुमार शर्मा, देसाड यांच्यासारख्या वादकांना सिनेमाच्या रेकॉर्डिंगची सवय होती. अमुक प्रसंग, पन्नास सेकंद, करुण हवं, चला. रागाची बढत तास-दीड तास करणारा माणूस तोच राग मिनिटभरात मांडतो, ही वेगळी कारागिरी आहे. हॅरिसन स्टॉपवॉच घेऊन आला होता आणि त्याला नेमके स्टॉपवॉच कळणारे वादक भेटले.

पण त्याच सिनेमाच्या धंद्यात या वादकांची नावं कुठे छापली जात होती? 'गाईड'मधल्या 'मोसे छल किये जाए' या गाण्याला तबला शिवकुमार शर्मांचा आहे. संतूर नाही बरं का, तबला. हे आज सगळ्यांना ठाऊक आहे, कारण पुढे ते मोठे झाले आणि लोकांनी शोधून काढलं. १९६५ साली रेकॉर्ड विकत घेणाऱ्याला ते कळायचा मार्ग नव्हता. आकाशवाणी गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक सांगायची, आजही सांगते, आणि तो मोठाच संस्कार आहे. माझी आजी गाणं सुरू व्हायच्या आधीच कवीचं नाव सांगायची ते रेडिओमुळेच. पण यादी तिथं संपायची. बासरी कुणाची, सतार कुणाची, ते नाही.

याच्या उलट आपल्याच मैफलीचा रिवाज बघा. साधं गणपतीत गावातलं गाणं असलं तरी निवेदक उठून तबल्याला कोण, पेटीला कोण, तंबोऱ्यावर कोण हे सांगितल्याशिवाय खाली बसत नाही. म्हणजे नाव घ्यायची पद्धत आपल्याकडे होतीच. स्टुडिओत शिरताना ती कुठेतरी बाहेर चपलांबरोबर राहिली. आणि 'वंडरवॉल म्युझिक'च्या पाकिटावर ती पुन्हा दिसते, तीही लंडनच्या एका कंपनीच्या तबकडीवर. म्हणून मला हा अल्बम महत्त्वाचा वाटतो. समीक्षक त्याला हॅरिसनचा एक विक्षिप्त प्रयोग म्हणून दोन ओळींत उरकतात. संगीत म्हणून त्यातले काही तुकडे खरंच किरकोळ आहेत, ते मी नाकारत नाही. लंडनला केलेल्यांपैकी दोन-तीन तर मी आजही पुढे ढकलतो.

नावं छापली, पण कशी छापली तेही बघायला हवं. शिवकुमार शर्मांच्या आडनावाला शेवटी एक 'र' जास्तीचा चिकटलाय. इंद्रनीलचा झालाय 'इंद्रिल'. आणि सूरबहारवाल्यापुढे नुसतंच चंद्रशेखर, नारिंग्रेकर गायब. नारिंग्रे हे देवगड तालुक्यातलं गाव. कोकणातलं एक अख्खं गाव लंडनच्या छापखान्यात गळालं. आता हा टंकलेखकाचा दोष म्हणून सोडून देता येईल, पण त्याच यादीत हौसेनं खोटी नावं घेतलेले लोकही आहेत. एरिक क्लॅप्टन 'एडी क्लेटन' म्हणून वाजवतो, रिंगो 'रिची स्नेअर' म्हणून. त्यांना नाव लपवणं परवडत होतं. ते दोघं नंतर सापडणारच होते.

त्याच मुंबईच्या मुक्कामात आणखी एक गाणं झालं, 'द इनर लाइट'. वाद्यांचा भाग फोर्टमध्ये, हॅरिसनचा आवाज फेब्रुवारीत लंडनला. यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची. मार्च १९६८मध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं येण्याची ती पहिलीच वेळ. नाव बीटल्सचं, वाद्यं सगळी मुंबईची. सोलो अल्बम सोलो नाही, बँडचं गाणं बँडचं नाही. माझ्या 'कलाकार' रकान्याची पंचाईत इथं सुरू झाली.

मशीन आणवणाऱ्या भास्कर मेनन यांची गोष्ट मात्र इथं संपत नाही. ते १९७१मध्ये अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला हॅरिसन आणि रविशंकरांनी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. तिचा तीन तबकड्यांचा अल्बम निघणार होता, पण खर्च आणि वितरण यावरून कॅपिटलशी घासाघीस सुरू झाली आणि अल्बम अडकला. हॅरिसन टीव्हीवर डिक कॅव्हेटच्या कार्यक्रमात गेला आणि त्यानं सगळ्या अमेरिकेसमोर मेनन यांचं नाव घेऊन आव्हान दिलं की करा माझ्यावर खटला. डिसेंबरात अल्बम बाजारात आला. चार वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी यंत्र रेल्वेत चढवलं होतं त्यानंच असं जाहीर सुनावलं. मेनन यांना काय वाटलं असेल याचा मी बराच विचार केलाय. पुढच्या काळात ते जगभरच्या ईएमआय म्युझिकचे प्रमुख झाले. २०२१मध्ये ते गेले.

तर रकान्याची पंचाईत. मी शेवटी एक केलं. माझ्या यादीचा सांगाडा बदलला. आधी माणूस, त्याखाली त्याचे अल्बम, असं होतं. आता दोन वेगळे तक्ते, एक तबकड्यांचा आणि एक वादकांचा, आणि मध्ये जोडणारा तिसरा. डेटाबेसवाल्यांना हे पहिल्या सेमिस्टरचं काम वाटेल, आहेच. पण ते केल्यावर गोळा करायची दिशाच बदलते. मी बीटल्सचे सोलो अल्बम शोधत पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी जायचो, आता तिथंच बसून संतूर शोधतो.

आणि संतूर धरून गेलं की पहिल्यांदा हाताला लागते 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ची. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, गिटारला ब्रिजभूषण काब्रा, तबल्याला माणिकराव पोपटकर. तीही एचएमव्हीचीच. निर्माता कोण? जी. एन. जोशी. हो, तेच भावगीतवाले, ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' रेकॉर्डवर गाऊन घराघरांत पोचवणारे खामगावचे जोशी. नंतर ते एचएमव्हीतच अधिकारी झाले आणि तिथल्या कितीतरी रेकॉर्डिंगांमागे उभे राहिले. 'स्वरगंगेच्या तीरी' हे त्यांचं पुस्तक मिळालं तर सोडू नका. काश्मीरच्या दरीतल्या दिवसाची गोष्ट सांगणारी ती रेकॉर्ड मराठी भावगीताच्या माणसानं उभी केली, हे माझ्या वयाच्या किती जणांना माहीत असेल?

संतूर धरूनच पुढे गेलं की १९७४ येतं. हॅरिसननं रविशंकरांच्या मोठ्या भारतीय वाद्यवृंदाला युरोपात नेलं, लंडनला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला आणि त्याच काळात त्याच्या घरी रेकॉर्डिंगही झालं. ते 'म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया' म्हणून १९७६मध्ये हॅरिसनच्या स्वतःच्या डार्क हॉर्स लेबलवर निघालं. त्यात पुन्हा शिवकुमार शर्मा, पुन्हा रिजराम देसाड. शिवाय चौरसिया, अल्लारखा, सुलतान खान, लक्ष्मी शंकर आणि व्हायोलिनला सत्यदेव पवार. हा काही बीटलचा सोलो अल्बम नाही, म्हणून बीटल्स गोळा करणाऱ्यांच्या कपाटात तो क्वचितच असतो. वादकांच्या तक्त्यात मात्र तो 'वंडरवॉल'चा सख्खा धाकटा भाऊ आहे.

विकत घ्यायचं असेल तर दोन गोष्टी. मूळ ब्रिटिश एलपी मोनो आणि स्टीरिओ अशी दोन्ही निघाली होती. मोनोचा नंबर ॲपकॉर १, आणि तिच्यामागे लोक वेडे आहेत. परवडत नसेल, मला परवडत नाही, तर २०१४ची सीडी घ्या. तिच्यात 'ऑलमोस्ट शंकरा' नावाचा मुंबईतलाच जास्तीचा तुकडा आहे आणि 'द इनर लाइट' गाण्याशिवाय, नुसत्या वाद्यांचं. स्ट्रीमिंगवरही सगळं मिळतं, फक्त तिथं पुन्हा नाव एकच, जॉर्ज हॅरिसन. मेमरी कार्डवाल्या दुकानापेक्षा एक पायरी वर, इतकंच.

ऐकताना हेडफोन लावा. 'लव्ह सीन'मध्ये दोन सरोद एकमेकांशी बोलतात, आणि दोन्ही आशिष खानांचेच आहेत, एकावर एक रेकॉर्ड केलेले. कलकत्त्याहून आणलेल्या त्या यंत्राची किंमत तिथं कळते. टॅक्सी ज्यांना ऐकू येईल त्यांनी कुठल्या तुकड्यात, किती मिनिट किती सेकंदाला, ते मला लिहून पाठवा. माझ्या तक्त्यात त्यासाठीही रकाना केलाय. पुढच्या भागात डार्क हॉर्स लेबल घेऊ.